गिनीपिगचा दैनंदिन आहार : दात, अंधनाल आणि 'क' जीवनसत्त्व

विषयप्रवेश

गिनीपिग ह्या प्राण्याच्या इंग्रजी नावात डुकराचा उल्लेख असला तरी डुकराशी त्याचे काही नाते नाही. आणि आफ्रिकेतील गिनी देशाशीही नाही. कॅव्हिया पोर्सेलस हे त्याचे शास्त्रीय नाव असून कृंतक गणातील कॅव्हिइडी कुलात त्याचा समावेश होतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरात तेथील लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी तो मांसासाठी माणसाळविला, आणि तेथे आजही तो घराघरांतून पाळला जातो. सोळाव्या शतकात तो युरोपात गेला. पुढे प्रयोगशाळेत शिरला. आणि आज आपल्याकडील शहरांतही हौसेने पाळला जातो.

पाळणारा मनुष्य बहुधा असे धरून चालतो की, हा प्राणी म्हणजे लहानसा ससा किंवा मोठासा उंदीर होय. सशाचे खाद्य, पक्ष्यांसाठी आणलेले धान्य, पोळीचे तुकडे, गाजर, काकडी असा आहार त्यास दिला जातो. प्राणी तो आवडीने खातो व काही दिवस गुबगुबीतही दिसतो. पुढे केव्हातरी तो कोपऱ्यात अंग आखडून बसू लागतो, उचलले असता ओरडतो, मागचे पाय ओढीत चालतो. पडल्यामुळे दुखापत झाली असावी असा तर्क केला जातो. परंतु पुष्कळदा कारण आहारातच सापडते.

गिनीपिगचा आहार ठरविताना त्याच्या शरीराविषयीच्या तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात : त्याचे दात, त्याची अंधनाल आणि त्याच्या यकृतात नसलेले एक एंझाइम. ह्या तिन्ही गोष्टी नीट समजल्या म्हणजे आहाराचे नियम पाठ करण्याची गरज उरत नाही; ते आपोआप निष्पन्न होतात. प्रस्तुत लेखात त्यांचा ह्याच क्रमाने विचार केला आहे.

आयुष्यभर वाढणारे दात

गिनीपिगच्या मुखात एकूण २० दात असतात. वरच्या व खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूस एक पटाशीचा दात, एक उपदाढ व तीन दाढा अशी त्यांची मांडणी असून सुळे मुळीच नसतात. उंदराच्या बाबतीत केवळ पटाशीचे दात सतत वाढत राहतात. गिनीपिगमध्ये मात्र पटाशीचे दात आणि दाढा असे सर्वच दात आयुष्यभर वाढतात. अर्थात, ते ज्या वेगाने वाढतात त्याच वेगाने झिजणेही आवश्यक असते.

पटाशीच्या दातांसाठी लाकडाचा तुकडा कुरतडावयास दिला की काम झाले, अशी एक समजूत आहे. परंतु लाकूड कुरतडल्याने दाढा झिजत नाहीत. दाढा झिजतात त्या लांब, चिवट गवत दीर्घकाळ चघळल्याने. गवताच्या पानांत सिलिकेचे सूक्ष्म कण असतात व ते घासले जाऊन दाढांचे पृष्ठभाग समपातळीत राहतात. धान्य किंवा पेलेट, म्हणजे दाबून तयार केलेल्या गोळ्यांचे खाद्य, काही मिनिटांत खाऊन होते आणि त्यास चघळण्याचे श्रम फारसे पडत नाहीत. अशा आहारावर वाढलेल्या प्राण्याच्या खालच्या दाढा आतल्या बाजूस वाढून जिभेवर कमानीसारख्या झुकतात. त्यामुळे जीभ अडकते, गिळणे कठीण होते, आणि समोर अन्न असूनही प्राणी उपाशी राहतो. हा विकार उद्भवल्यानंतर तो बरा करणे पशुवैद्यालाही अवघड जाते. प्रतिबंध मात्र एका मूठभर गवतात आहे.

अंधनाल : किण्वनाचा कारखाना

गाय किंवा शेळी ह्यांच्या शरीरात गवतातील सेल्युलोजचे किण्वन जठराच्या पहिल्या कप्प्यात होते. गिनीपिगचे जठर साधे, एका कप्प्याचे असते. त्याचे किण्वन चालते ते अंधनालेत, म्हणजे लहान व मोठे आतडे जेथे मिळतात तेथील पिशवीसारख्या भागात. ह्या प्राण्यात अंधनाल अतिशय मोठी असून पचनमार्गातील एकूण द्रव्यापैकी निम्म्याहून अधिक, कधी कधी ६५ टक्क्यांपर्यंत, द्रव्य एकट्या तिच्यात साठलेले असते. तेथील जिवाणू तंतुमय पदार्थांचे विघटन करून अल्पशृंखल मेदाम्ले तयार करतात व ती प्राण्यास ऊर्जा पुरवितात. ह्याच जिवाणूंनी बनविलेली प्रथिने व 'ब' गटातील जीवनसत्त्वे मिळविण्यासाठी गिनीपिग स्वतःचा मऊ मल थेट गुदद्वारातून खातो. नवख्या पालकास हे किळसवाणे वाटते; परंतु ही विकृती नसून पचनाचाच दुसरा टप्पा होय. ती थांबविण्याचा प्रयत्न करू नये.

ह्या जिवाणूसमूहाचा समतोल नाजूक असतो. पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थ अधिक प्रमाणात अंधनालेत पोहोचले म्हणजे उपयुक्त जिवाणू मागे पडतात, क्लॉस्ट्रिडियम वंशातील काही अपायकारक जिवाणू बळावतात, वायू साठतो व हगवण लागते. पेनिसिलिनसारखी काही प्रतिजैविके गिनीपिगला घातक ठरतात, हे १९४३ साली दिसून आले. तेथेही कारण हेच : औषधाने उपयुक्त जिवाणू मरतात आणि मोकळी झालेली जागा विषारी जिवाणू व्यापतात. एखाद्या नव्या खाद्याचा अचानक भडिमार ह्याच दिशेने, जरी सौम्यपणे, कार्य करतो. म्हणून आहारातील कोणताही बदल आठ-दहा दिवसांत थोडा थोडा करावा.

ह्याच संदर्भात आणखी एक नियम लक्षात ठेवला पाहिजे. गिनीपिगचे आतडे रिकामे राहता कामा नये. एखादा दिवस अन्न न घेतल्यास आतड्याची हालचाल मंदावते, शरीरातील मेद यकृतात साठू लागतो व प्राणी झपाट्याने खालावतो. माणसास उपवास मानवेल. गिनीपिगला मानवत नाही. बारा तासांत त्याने काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्याकडे जावे, उद्याची वाट पाहू नये.

हरवलेले एंझाइम

आता तिसऱ्या व सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. बहुतेक सस्तन प्राणी ग्लुकोजपासून यकृतात अ‍ॅस्कॉर्बिक अम्ल, म्हणजे 'क' जीवनसत्त्व, स्वतःच तयार करतात. ह्या विक्रियामालिकेतील शेवटची पायरी एल-ग्युलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज ह्या एंझाइमामुळे घडते. गिनीपिगमध्ये त्या एंझाइमाचे जनुक उत्परिवर्तनांनी निकामी झालेले आहे. मनुष्य, वानर व माकडे ह्यांचीही स्थिती हीच. मात्र दोन्ही वंशांत ही हानी स्वतंत्रपणे व निरनिराळ्या काळी झाली. मनुष्याच्या पूर्वजांत ती सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी व गिनीपिगच्या पूर्वजांत सुमारे १.४ कोटी वर्षांपूर्वी झाली असावी, असा जनुकांच्या तुलनेवरून अंदाज केला जातो. निरनिराळ्या प्राण्यांतील ह्या क्षमतेच्या उत्क्रांतीविषयी कलकत्ता विद्यापीठात आय. बी. चटर्जी ह्यांनी केलेले व १९७३ साली प्रसिद्ध झालेले कार्य ह्या विषयाच्या अभ्यासकांस परिचित आहे.

ह्या वैगुण्यामुळेच गिनीपिगला विज्ञानाच्या इतिहासात स्थान मिळाले. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ ह्यांनी १८९५ च्या सुमारास नोंदविले होते की, हिरवा चारा न देता केवळ ओट व कोंडा ह्यांवर ठेवलेल्या गिनीपिगच्या शरीरात रक्तस्राव होतो. त्या नोंदीचा अर्थ उलगडला तो नॉर्वेत. अ‍ॅक्सेल होल्स्ट व थिओडोर फ्रोलिश हे जहाजांवरील खलाशांना होणाऱ्या बेरीबेरीसदृश रोगाचा अभ्यास करीत होते. पूर्वी कबुतरांवर केलेले प्रयोग त्यांनी एखाद्या सस्तन प्राण्यावर करून पाहावयाचे ठरविले व गिनीपिग निवडला. केवळ धान्यावर व पावावर ठेवलेल्या त्या प्राण्यांना अपेक्षित रोग झाला नाही. झाली ती स्कर्व्ही. ताजी कोबी देताच ती टळली. हे निष्कर्ष १९०७ साली प्रसिद्ध झाले. उंदरांवर हेच प्रयोग केले असते तर काहीच आढळले नसते. कारण उंदराचे यकृत आपले 'क' जीवनसत्त्व आपणच बनविते.

पुढे हंगेरीतील सेगेद येथे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी व जोसेफ स्वर्बेली ह्यांनी गिनीपिगचे दोन गट केले. एकास उकळलेले अन्न दिले, दुसऱ्यास हेक्झुरॉनिक अम्ल मिसळलेले अन्न दिले. पहिला गट स्कर्व्हीने मेला, दुसरा सुदृढ राहिला. अमेरिकेत चार्ल्स ग्लेन किंग हेही त्याच निष्कर्षावर आले, आणि १९३२ साली हेक्झुरॉनिक अम्ल व 'क' जीवनसत्त्व एकच असल्याचे प्रस्थापित झाले. पाळीव गिनीपिगला केवळ धान्य देणारा मनुष्य नकळत १९०७ च्या प्रयोगाची पुनरावृत्तीच करीत असतो, हे येथे सहज लक्षात येईल.

कोलॅजेन ह्या प्रथिनाचे तंतू बळकट होण्यासाठी त्यातील प्रोलिन व लायसिन ह्या अ‍ॅमिनो अम्लांवर हायड्रॉक्सिल गट जोडले जावे लागतात, आणि ती विक्रिया घडविणाऱ्या एंझाइमांना 'क' जीवनसत्त्वाची आवश्यकता असते. ते न मिळाल्यास रक्तवाहिन्यांच्या भित्ती, सांध्यांचे बंध, हिरड्या व दातांचे आधार दुबळे होतात. सुमारे दोन आठवड्यांत केस राठ होणे, वजन घटणे, सांधे सुजणे, स्पर्शाने वेदना होणे अशी लक्षणे दिसू लागतात. संपूर्ण अभाव राहिल्यास तीन-चार आठवड्यांत मृत्यू ओढवतो.

गरजेचे गणित

निरोगी प्रौढ गिनीपिगला प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे दररोज सुमारे १० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व लागते; गर्भार मादीस ३० मिलिग्रॅमपर्यंत लागते. आजारी व वाढत्या प्राण्यांची गरजही अधिक असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली ६५ किलोग्रॅम वजनाच्या पुरुषासाठी दररोज ८० मिलिग्रॅमची शिफारस केली. म्हणजे प्रत्येक किलोग्रॅममागे सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास. वजनाच्या मानाने गिनीपिगची गरज माणसाच्या सुमारे आठपट भरते.

आता पेलेटचा हिशेब पाहू. प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या पोषणाविषयी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या मानकात गिनीपिगच्या प्रत्येक किलोग्रॅम खाद्यात २०० मिलिग्रॅम अ‍ॅस्कॉर्बिक अम्ल असावे असे म्हटले आहे. एक किलोग्रॅम वजनाचा प्राणी दिवसाकाठी सुमारे ६० ग्रॅम कोरडे खाद्य खातो. तो केवळ असे पेलेटच खात असेल तर त्यास १२ मिलिग्रॅम मिळतात व गरज भागते. परंतु दात व अंधनाल ह्यांच्या दृष्टीने घरी पेलेट मर्यादित ठेवावे लागतात. समजा, २० ग्रॅम दिले. तर केवळ ४ मिलिग्रॅम मिळतात. शिवाय साध्या स्वरूपातील अ‍ॅस्कॉर्बिक अम्ल साठवणीत हवेने नष्ट होते. खाद्य तयार झाल्यापासून सुमारे तीन महिन्यांत ते निम्म्यावर येऊ शकते. मग उरतात २ मिलिग्रॅम. 'संपूर्ण आहार' असे पिशवीवर छापलेले असते, ते पेलेट हा एकमेव आहार मानून. घरच्या मिश्र आहारात त्या शब्दांवर विसंबता येत नाही. स्थिरीकृत स्वरूपाचे किंवा अधिक मात्रेचे जीवनसत्त्व घातलेले खाद्यही मिळते. म्हणून पिशवीवरील मात्रा व उत्पादनाची तारीख वाचून हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. सशाच्या पेलेटमध्ये मात्र हे जीवनसत्त्व घालण्याचे कारणच नसते, कारण ससा ते स्वतः बनवितो.

उरलेली तूट ताज्या भाजीने भरून काढावयाची. येथेही निवड महत्त्वाची आहे. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी काकडी १०० ग्रॅममध्ये सुमारे ३ मिलिग्रॅम व गाजर सुमारे ६ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व देते. ह्याउलट हिरव्या ढोबळी मिरचीत १०० ग्रॅममागे सुमारे ८० व लाल ढोबळी मिरचीत सुमारे १२८ मिलिग्रॅम असतात. म्हणजे २५ ग्रॅम हिरवी ढोबळी मिरची २० मिलिग्रॅम देते. तेवढ्यासाठी काकडी द्यावयाची तर ६०० ग्रॅमहून अधिक द्यावी लागेल. पेरूत १०० ग्रॅममागे २०० मिलिग्रॅमहून अधिक जीवनसत्त्व असते. परंतु त्यात साखरही असल्याने लहानशी फोड, आठवड्यातून एक-दोन वेळा, इतकेच पुरे.

पिण्याच्या पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब घालण्याची पद्धत त्याज्य समजावी. प्रकाश, हवा व धातूंचा संपर्क ह्यांमुळे ते पाण्यात लवकर नष्ट होते. चव बदलल्याने प्राणी पाणीही कमी पितो. मात्र पशुवैद्याने सांगितल्यास योग्य मात्रा थेट तोंडात द्यावी.

कॅल्शियमचा प्रश्न

हिरवी भाजी जितकी अधिक तितकी चांगली, असे येथे वाटण्याचा संभव आहे. तथापि ते खरे नाही. गिनीपिगचे आतडे अन्नातील कॅल्शियम मुक्तपणे शोषून घेते व जादा कॅल्शियम मूत्रावाटे बाहेर टाकले जाते. त्यामुळे ह्या प्राण्यात मूत्रमार्गाचे खडे पुष्कळदा आढळतात व ते बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. लसूणघास हा चारा प्रथिने व कॅल्शियम ह्यांनी समृद्ध असल्याने वाढत्या पिलांना व गर्भार माद्यांना उपयुक्त. प्रौढांना तो रोज देऊ नये. मेथी, शेवग्याचा पाला ह्यांतही कॅल्शियम अधिक, तर पालकात ऑक्झॅलेट अधिक. ह्या भाज्या आलटून पालटून, अल्प प्रमाणात द्याव्या. धान्याची गोष्ट उलट आहे. त्यात फॉस्फरस पुष्कळ व कॅल्शियम अत्यल्प असते, तर वर उल्लेखिलेल्या मानकात कॅल्शियम व फॉस्फरस ह्यांचे प्रमाण २ : १ असे आहे. समतोल ह्या शब्दाचा येथील अर्थ हाच की, एका उणिवेची भरपाई करताना दुसरा अतिरेक होऊ नये.

दैनंदिन आहाराची मांडणी

वरील विवेचनावरून सुमारे एक किलोग्रॅम वजनाच्या निरोगी प्रौढ प्राण्याचा दिवसाचा आहार असा ठरतो. वाळलेले गवत अमर्याद असावे, व ते दिवसरात्र पिंजऱ्यात असावे. एकूण आहाराचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग त्याचाच असावा. परदेशी ग्रंथांत टिमोथी गवताची शिफारस आढळते. ते न मिळाल्यास हरळी, मारवेल ह्यांसारखे स्वच्छ, हिरवट छटा राखून वाळविलेले गवत चालते. भाताचा पेंढा अंथरण्यास योग्य. परंतु पोषणमूल्य कमी असल्याने मुख्य चारा म्हणून नव्हे. कोवळ्या ज्वारीची पाने देऊ नयेत, कारण त्यांत हायड्रोसायनिक अम्ल निर्माण करणारे द्रव्य असते. पावसाळ्यात दमट हवेमुळे गवतास बुरशी लागते. असे गवत वास घेऊन व हाताने उलगडून पाहावे आणि शंका येताच टाकून द्यावे.

गवताच्या जोडीला सुमारे २० ग्रॅम गिनीपिगसाठीच बनविलेले ताजे पेलेट आणि सुमारे एक वाटीभर धुतलेली भाजी द्यावी. त्या भाजीत ढोबळी मिरचीचा तुकडा रोज असावा. सोबत कोथिंबीर, सॅलडची पाने, थोडी कोबी असा पालट करावा. गाजर व फळे ही खाऊ समजावी. वजनाच्या प्रत्येक १०० ग्रॅममागे सुमारे १० मिलिलिटर, म्हणजे एकूण १०० मिलिलिटरच्या आसपास पाणी तो पितो. हिरवा चारा असल्यास कमी पितो. तरीही स्वच्छ पाणी सदैव उपलब्ध असावे. कांदा, लसूण, बटाटा व त्याचे कोंब, टोमॅटोची पाने, अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, दूध व दुधाचे पदार्थ, पोळी, भात व मसाल्याचे शिजविलेले अन्न ही वर्ज्य होत.

पिलांविषयी एक सूचना करणे अगत्याचे आहे. गिनीपिगचे पिल्लू उघड्या डोळ्यांनी, केसांसह व दातांसह जन्मते आणि पहिल्या काही दिवसांतच घन अन्न कुरतडू लागते. ह्याच वयात त्याच्या आवडीनिवडी ठरतात. पुढे अपरिचित अन्न ते नाकारते, प्रसंगी उपाशी राहते. म्हणून निरनिराळी गवते व भाज्या पहिल्या काही आठवड्यांतच ओळखीच्या करून द्याव्या. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातील लहान तराजूवर प्राण्याचे वजन करून लिहून ठेवावे. हा प्राणी आजार लपवितो; आहार चुकत असल्याची पहिली बातमी वजनाची वहीच देते.

समारोप

हा विषय केवळ हौशी पालकांपुरता मर्यादित नाही. स्कर्व्हीची उघड लक्षणे दिसण्यापूर्वीच 'क' जीवनसत्त्वाच्या सौम्य कमतरतेने जखमा भरण्याचा वेग, अस्थींची वाढ आणि यकृतातील औषधांचे विघटन करणाऱ्या एंझाइमांची क्रिया बदलते. जुने पेलेट खाऊन राहिलेल्या प्राण्यांवर केलेल्या प्रयोगात औषधाचा परिणाम कोणता व उपासमारीचा कोणता, हे सांगणे अशक्य होते. म्हणून संशोधकाने प्राण्यांच्या आहाराची, खाद्याच्या उत्पादनाच्या तारखेसह, नोंद ठेवणे हे त्याच्या पद्धतीचेच एक अंग मानले पाहिजे.

ज्या प्राण्याच्या वैगुण्यातून मनुष्यास स्वतःच्या वैगुण्याचे ज्ञान झाले, त्या प्राण्यास त्या ज्ञानाचा लाभ मिळू नये, ही विसंगती दूर करणे फारसे खर्चाचे नाही. मूठभर चांगले गवत, ढोबळी मिरचीचा एक तुकडा आणि दररोजची नियमितता एवढ्यात ते साधते.